आधी पदपाठ, मग गणना



आमच्या गावच्या देवळात एक काळा फळा आहे. एकादशीच्या आदल्या दिवशी विणेकरी बुवा त्यावर आपल्या मनाने चार ओळी लिहितात, आणि येणारेजाणारे त्या वाचतात. गेल्या चातुर्मासात त्यांनी लिहिलेल्या ओळी अशा होत्या :

नाम घ्यावे, नाम सांगावे.
नामाला मोल नाही, नामात भेद नाही.
मन नामात ठेवावे. नाम मनात राहते.
मन राहिले तर नाम राहिले.

ओळी साध्याच; पण त्यांवरून देवळात जो वाद पेटला तो काही साधा नव्हता. बुवांनी सहज म्हणून पोरांना विचारले, "यात 'नाम' किती वेळा आले, सांगा पाहू." बुवांनी स्वतः बोटांवर मोजले होते. त्यांचे उत्तर होते सात. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने त्या ओळी संगणकात लिहून घेतल्या, एक छोटीशी आज्ञावली चालवली आणि सांगितले, "बुवा, चार." त्याच्याच मित्राने आपल्या संगणकावर तेच करून पाहिले. तो तर गोंधळूनच गेला. म्हणाला, "बुवा, माझं यंत्र म्हणतंय, 'नाम' एकदाही नाही!"

सात, चार आणि शून्य! फळा एक, ओळी त्याच, आणि उत्तरे तीन. बुवा संतापले. "अरे, डोळ्यांपुढे फळा आहे, आणि तुमचं यंत्र म्हणतं नाम नाहीच? उद्या हे ग्रंथाला लावाल, म्हणजे मग झालंच!" पहिला मुलगाही हट्टाला पेटला. "बुवा, यंत्र मोजण्यात चुकत नाही, माणूस चुकतो." झाले! पंधरा दिवस दोघांत बोलणे नाही.

हा वाद त्या देवळापुरताच असता तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आता थोर ग्रंथ संगणकात आले आहेत, आणि अमुक ग्रंथात अमुक शब्द इतक्या वेळा आला असे आकडे हातोहाती फिरतात. त्या आकड्यांवरून कोणी ग्रंथाचे मर्म सांगतो, तर कोणी अमुक रचना अमक्याची नव्हेच असा निवाडाही देऊन मोकळा होतो. म्हणून यंत्र शब्द मोजते कसे, हे आपण एकदा नीट समजून घ्यावे. समजले की वरचा वाद आपोआप मिटतो.

१. खतावणीची रीत

दुकानदाराची खतावणी आपण पाहिली आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक खाते. नवा माणूस आला की नवे खाते उघडायचे, जुना आला तर त्याच्याच खात्यात भर घालायची. यंत्र शब्द मोजते ते नेमके असेच. पहिल्या मुलाची आज्ञावली पायथन नावाच्या संगणक-भाषेत होती. तिचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा :

फाइल उघड आणि मजकूर वाच.
स्वल्पविराम, पूर्णविराम, दंड इत्यादी चिन्हांच्या जागी मोकळी जागा घाल.
जेथे मोकळी जागा आहे तेथे मजकूर तोड. प्रत्येक तुकडा हा एक शब्द.
एक कोरी खतावणी घे.
प्रत्येक शब्द क्रमाने उचल. त्याचे खाते नसेल तर शून्यावर उघड. मग त्यात एक मिळव.
शेवटी सर्व खाती मोठ्या आकड्यापासून लहानाकडे लावून छाप.

आता फळ्याची पहिली ओळ या रीतीने चालवून पाहा. 'नाम' आले. खाते नाही, उघडले, एक. 'घ्यावे' आले. खाते उघडले, एक. पुन्हा 'नाम' आले. खाते आहे, एकाचे दोन झाले. 'सांगावे' आले, एक. असे चारही ओळींचे केले म्हणजे एकूण शब्द भरतात २१ आणि खाती होतात १४. 'नाम' ४, 'नामात' २, 'नाही' २, 'मन' २, 'राहिले' २. बाकीची नऊ खाती एकेकाची. वाचकांनी बोटांवर ताळा करून पाहावा.

यातली दुसरी पायरी पुष्कळजण विसरतात. चिन्हे न काढता नुसते मोकळ्या जागेवर तोडले, तर काय होते? दुसऱ्या ओळीतल्या एका 'नाही'ला स्वल्पविराम चिकटलेला आहे, दुसऱ्याला पूर्णविराम. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. दोन खाती उघडतात, आणि कोऱ्या 'नाही'चे खाते रिकामेच राहते. ज्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या शेवटी दंड चिकटलेला असतो, तेथे तर ओळीचा शेवटचा शब्द दर वेळी असा हातचा निसटतो.

२. रांगेची रीत

खतावणीवाचून मोजण्याचीही एक रीत आहे. ती प्रसिद्ध झाली अमेरिकेत. १९८६ च्या जून महिन्यात संगणकशास्त्राच्या एका मासिकात जॉन बेंटली यांच्या सदरात एक कोडे मांडले होते : दिलेल्या मजकुरातले सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द उतरत्या क्रमाने छापा. डोनाल्ड नूथ या थोर शास्त्रज्ञांनी त्यासाठी पाने भरतील एवढी सुंदर आज्ञावली रचली. तिचे परीक्षण करण्याचे काम होते बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांच्याकडे. त्यांनी नूथांच्या कारागिरीची वाखाणणी केली, आणि तेच काम सहा ओळींत करून दाखवले.

त्या सहा ओळी म्हणजे काय? प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर मांड. मोठी-लहान अक्षरे एकसारखी कर. सर्व शब्द वर्णानुक्रमाने रांगेत उभे कर. सारखे शब्द आता शेजारीशेजारी आले, तेव्हा प्रत्येक घोळक्यात किती ते मोज. मग त्या घोळक्यांना आकड्याच्या उतरत्या क्रमाने लाव. आणि वरचे पाहिजे तितके घे. वारीत दिंड्या एकदा क्रमाने लागल्या म्हणजे कोणत्या दिंडीत किती माणसे हे मोजणे सोपे होते. विस्कटलेल्या गर्दीत ते होत नाही. तसेच हे.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या सहा ओळींपैकी पहिलीच ओळ इंग्रजी ए ते झेड एवढ्यांनाच अक्षर मानते. बाकी सारे तिच्या लेखी मोकळी जागा. इंग्रजीसाठी ते ठीक होते. पण आपल्या बुवांच्या ओळी त्या आज्ञावलीला दिल्या तर तिच्या हाती एकही मराठी शब्द लागणार नाही. आज्ञावली उत्तम, करणारा थोर, तरी आपल्या मजकुरावर फळ शून्य. दोष मोजणीत नाही. अक्षर कशाला म्हणावे, या पहिल्या ठरावात आहे.

३. शून्य कसे आले?

दुसऱ्या मुलाचे शून्य याच जातीचे. संगणकात देवनागरी मजकूर युनिकोड नावाच्या पद्धतीने साठवतात. तीत प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक असतो. आपण 'नाम' हा दोन अक्षरांचा शब्द म्हणतो. यंत्रापाशी मात्र तीन चिन्हे आहेत : न, काना, म. दुसऱ्या मुलाने शब्द ओळखण्यासाठी पायथनमधले एक तयार चिन्ह वापरले होते. ते चिन्ह स्वर आणि व्यंजने यांना अक्षर मानते, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोड यांना मानत नाही. जेथे काना आला तेथे शब्द संपला, अशी त्याची समजूत.

त्यामुळे 'नाम'चे झाले दोन तुकडे, 'न' आणि 'म'. 'राहिले'चे झाले 'र', 'ह' आणि 'ल'. सगळ्या फळ्यावर सर्वांत अधिक आलेला शब्द ठरला 'न', नऊ वेळा; त्याच्या खालोखाल 'म', आठ वेळा. 'नाम' सबंध असे कोठेच उरले नाही, म्हणून शून्य!

याहून मौजेची गोष्ट 'मन' या शब्दाची. त्यात काना-मात्रा काहीच नाही, म्हणून तो अखंड राहिला. यंत्राने 'मन' तीन वेळा आले असे सांगितले. बुवांच्या मोजणीनेही 'मन' तीनच. तेव्हा हा आकडा बरोबर वाटला. पण आला कसा पाहा : दोन खरे 'मन', आणि तिसरे 'मनात' फोडून निघालेला तुकडा. आकडा जुळला म्हणजे रीत बरोबर, असे धरून चालू नये. वाट चुकलेला माणूसही कधी कधी योगायोगाने गावात पोहोचतो.

आणखी दोन खड्डे सांगून ठेवतो, कारण मराठीत ते हटकून येतात. 'वाऱ्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत आखूड पायाचा 'ऱ' हे निराळे चिन्ह असते. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापून आले की दोन्ही डोळ्यांना एकच दिसतात, पण यंत्र दोन खाती उघडते. दुसरा खड्डा लेखनाचा. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नाहीं' असे छापलेले आढळते, नंतरच्यांत 'नाही'. जुनी व नवी पुस्तके एकत्र मोजली, की एकाच शब्दाचा हिशेब दोन खात्यांत वाटला जातो आणि दोन्ही आकडे उणे येतात.

आणि मंडळांच्या जुन्या फाइली असतील तर आधी लिपी पाहून घ्यावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या पुष्कळ फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे व इतर खुणा. त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावाचून कसलीही मोजणी व्यर्थ आहे.

४. चार की सात?

आता राहिले पहिला मुलगा आणि बुवा. मुलाने 'नाम' हे रूप जसेच्या तसे मोजले, ते चार. बुवांनी 'नामाला' एकदा आणि 'नामात' दोनदा आले तेही 'नाम'च धरले. चार आणि तीन सात. दोघांच्या मोजणीत चूक नाही. दोघांनी मोजलेली वस्तू मात्र एक नाही. एकाने रूप मोजले, दुसऱ्याने मूळ शब्द.

कोणी म्हणेल, मग सोपे आहे. 'नाम' एवढी अक्षरे जेथे जेथे सापडतील तेथे मोज असे यंत्राला सांगावे, सातच येतील. फळ्यावर येतील खरे. पण मोठ्या मजकुरात तीच आज्ञा 'इनाम'मध्ये नाम शोधील, आणि 'नामंजूर'मध्येही शोधील! 'मन' शोधायला जावे तर 'नमन' आणि 'गमन' हाती येतील. म्हणून मूळ शब्दाखाली रूपे एकत्र करायची तर नुसती अक्षरे जुळवून भागत नाही. कोणते रूप कोणत्या शब्दाचे, हे भाषा जाणणाऱ्याने ठरवून यंत्राला द्यावे लागते. मराठीत शब्दाला विभक्ती चिकटते, शब्दयोगी अव्यय चिकटते, वर 'च' आणि 'ही' चिकटतात. त्यामुळे हे काम इंग्रजीपेक्षा आपल्याकडे कितीतरी अधिक.

फळ्यावर हे काम हाताने केले, तर चौदा खात्यांची दहा होतात : नाम ७, मन ३, राहणे ३, नाही २, आणि बाकी सहा एकेक. बेरीज पुन्हा २१ च.

५. लहान शब्दाचे मोल

मग नेहमी मूळ शब्दच मोजावा, रूपे सोडून द्यावी, असे म्हणावे काय? येथे एका परदेशी धर्मोपदेशकाची गोष्ट उपयोगी आहे. रोबेर्तो बुसा हे इटलीतील जेझुइट पाद्री. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास यांच्या लॅटिन ग्रंथांत ईश्वराच्या सान्निध्याचा विचार कसा आहे, याचा ते अभ्यास करीत होते. 'सान्निध्य' या अर्थाचे मोठे शब्द त्यांनी शोधले, आणि त्यांच्या ध्यानात आले की तो विचार त्या मोठ्या शब्दांत फारसा नाहीच. तो 'इन' या इवल्याशा शब्दाशी बांधलेला आहे. 'इन' म्हणजे आत. तेव्हा 'इन' असलेली वाक्ये त्यांनी हाताने चिठ्ठ्यांवर उतरवली. अशा चिठ्ठ्या दहा हजार झाल्या.

पुढे १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले व आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटून यंत्राचे साहाय्य मागितले. भोके पाडलेल्या कार्डांवर काम सुरू झाले. सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांची ती सूची १९७० च्या दशकात छापू लागली आणि १९८० मध्ये पुरी झाली. खंड भरले ५६. यंत्र असूनही तीस वर्षे लागली. का? तर कोणते रूप कोणत्या शब्दाचे, हे पाहणारी माणसे लागली म्हणून.

आता फळ्याकडे पुन्हा पाहा. लॅटिनमधला 'इन' हा वेगळा उभा राहणारा शब्द. मराठीत त्याचे काम 'नामात', 'मनात' यांतला शेवटचा 'त' करतो. बुवांच्या तिसऱ्या ओळीत मन नामात आहे आणि नाम मनात आहे. त्या ओळीचा सारा जीव त्या दोन 'त'मध्ये. सगळी रूपे 'नाम' आणि 'मन' या खात्यांत ओतली की आकडा भरघोस दिसतो, पण तो 'त' हरवतो. म्हणून सातही पाहिजेत, आणि चार-एक-दोन अशी फोडही पाहिजे.

६. आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

कोणताही लांब मजकूर मोजला, तर यादीच्या माथ्यावर येतात 'आणि', 'आहे', 'तो', 'हे', 'नाही' यांसारखे शब्द. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने दाखवले की यात एक प्रमाणही असते : दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा, तिसरा साधारण तृतीयांश, असे उतरत जाते, आणि शेपटीला एकदाच आलेल्या शब्दांची मोठी रांग असते. तेव्हा पुष्कळ वेळा आला म्हणून शब्द थोर, आणि एकदाच आला म्हणून क्षुद्र, असा अर्थ काढू नये.

कर्तृत्वाच्या प्रश्नात मात्र हे लहान शब्द साक्षीला येतात. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये 'फेडरलिस्ट' नावाचे ८५ लेख टोपणनावाने निघाले. त्यांतले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोघांनी शब्दांची मोजणी करून १९६४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. 'अपॉन' हा साधा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीन वेळा वापरी, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक लहान शब्दांवरून ते १२ लेख मॅडिसनचे, असा कौल निघाला. पण तेथे दोघांचे निर्विवाद लिखाण ताडून पाहायला पुष्कळ होते, आणि ते छापील होते. मुखाने चालत आलेल्या, अनेकांच्या हातून उतरवलेल्या अभंगांना तीच कसोटी डोळे मिटून लावता येत नाही. लिहिणाऱ्याने आपल्या बोलीप्रमाणे लहान शब्द बदलला असेल, तर यंत्र कवीऐवजी लेखनिकाला मोजील.

म्हणून मोजण्याआधी प्रत शुद्ध पाहिजे. हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ते काम आधीचे, गणना मागाहूनची.

आणि गणनाही आपल्याकडे जुनी आहे. ऋग्वेदाच्या अनुक्रमणीच्या परंपरेत पदांची संख्या १,५३,८२६ आणि अक्षरांची ४,३२,००० सांगितलेली आहे. ही पदे मोजता आली ती कशामुळे? संहितेत शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात. ते सोडवून एकेक पद वेगळे करणारा पदपाठ शाकल्यांच्या नावाने चालत आला आहे. आधी पद ठरले, मग संख्या निघाली.

७. पाळायचे चार नियम

पहिला : मजकूर कोणत्या प्रतीचा, हे लिहून ठेवावे.
दुसरा : लिपी, चिन्हे आणि लेखन एकसारखे करून घ्यावे.
तिसरा : शब्द म्हणजे रूप की मूळ, हे आधी ठरवावे व आकड्याशेजारी सांगावे.
चौथा : मोठ्या मजकुराला हात घालण्यापूर्वी चार ओळी हाताने मोजाव्या आणि यंत्राचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे. दुसऱ्या मुलाचे यंत्र एखाद्या ग्रंथावर चालले असते तर चूक कोणाच्या ध्यानात आली असती? चार ओळींचा फळा होता, म्हणून ती उघडी पडली.

पंधराव्या दिवशी तो पहिला मुलगाच देवळात आला. तीनही मोजण्या त्याने कागदावर एकाखाली एक मांडून आणल्या होत्या. बुवांनी चष्मा लावून त्या वाचल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू चुकला नव्हतास." मुलगा म्हणाला, "तुम्हीही नव्हता, बुवा. मी काय मोजतो, हे मी सांगितलंच नव्हतं."

बुवांनी खडू त्याच्या हाती दिला. त्या चार ओळींखाली मुलाने लिहिले : 'नाम' जसेच्या तसे ४ वेळा, विभक्तीसह ७ वेळा. दुसरा मुलगा बाजूला उभा होता. बुवा त्याला म्हणाले, "तुझंही शून्य लिहायला हवं रे. त्याच्यामुळंच तर एवढं कळलं."